सोयाबीनची पट्टी आणि महिन्याचा हप्ता

फोनवर गुंतवणुकीचं ॲप घ्यायचं, आधार आणि पॅन देऊन केवायसी करायची, वय-उत्पन्न सांगायचं, ‘बाजार पडला तर काय कराल?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. मग ॲपच फंड सुचवतं आणि दर महिन्याला बँकेतून हप्ता आपोआप कापून घेतं. हीच एसआयपी. पाचशे रुपयांतही सुरू होते. सोय चांगलीच आहे, पण ती बेतलीय एक तारखेला पगार होणाऱ्यासाठी. नांदेडच्या विद्यापीठातल्या कर्मचाऱ्याला ती बरोबर बसते. औसा, अहमदपूर, मुखेड, कंधारकडं ज्याचं घर सोयाबीनवर चालतं, त्याचं काय?

त्याच्या हाती पैसा येतो दिवाळीच्या आगेमागे, लातूरच्या आडतीवर माल घालून पट्टी झाली की. पुढं तूर, मग हरभरा. उन्हाळ्यात खातं आटत जातं आणि जूनमध्ये बी-बियाणं, खत, पेरणी. नेमकं तेव्हा ॲप हप्ता मागतं आणि खात्यात शिल्लक नसते. हप्ता परत गेला तर फंड कंपनी दंड घेत नाही, बँक मात्र शुल्क लावते. पाचशेच्या हप्त्यापायी ते फार महागात पडतं. वर महिन्याचे सलग तीन हप्ते चुकले की एसआयपीच रद्द होते.

म्हणून पट्टीचा पैसा आला की आधी पुढच्या पेरणीचा आणि पुढच्या दिवाळीपर्यंतच्या घरखर्चाचा पैसा बँकेत बाजूला काढा. त्याला हात लावू नका. उरेल त्यातली रक्कम एकदम लिक्विड फंडात, म्हणजे कमी जोखमीच्या अल्पमुदतीच्या फंडात टाका आणि तिथून दर महिन्याला ठरावीक रक्कम त्याच कंपनीच्या इंडेक्स फंडात जाईल अशी सूचना देऊन ठेवा. याला एसटीपी म्हणतात. मग जुलैत बँक खातं रिकामं असलं तरी हप्ता चुकत नाही. बऱ्याच ॲपमध्ये ही सोय पहिल्या पानावर दिसत नाही, शोधावी लागते. नसेलच, तर पावसाळ्यापुरती एसआयपी थांबवायची सोय आहे का ते बघा.

इंडेक्स फंडच का? निफ्टी ५० चा फंड घेतला की देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसा विभागला जातो आणि खर्च कमी लागतो. फंड निवडताना ‘डायरेक्ट’ लिहिलंय का ते बघा. १ जानेवारी २०१३ पासून हे प्रकार सुरू झाले, त्यांत मध्यस्थाचं कमिशन नसतं. समजा महिना हजार रुपये पंधरा वर्षं भरले. परतावा बारा टक्के मिळाला तर साधारण पाच लाख होतात. कमिशनपायी तोच अकरा टक्क्यांवर आला, तर पंचेचाळीस हजारांच्या आसपास कमी मिळतात. बारा टक्के मिळतीलच असं मात्र कुणी लिहून देत नाही.

बाजार पडतोही. २०२० च्या जानेवारीत निफ्टी बारा हजारांच्या वर होता, २३ मार्चला तो ७,६१० वर बंद झाला. घाबरून विकणाऱ्यांचं नुकसान पक्कं झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात निफ्टी पुन्हा आधीच्या उंचीवर आला. दर वेळी इतक्या लवकर सावरेल असं नाही. म्हणून लेकराला दोन वर्षांनी लातुरात नीटच्या क्लासला घालायचं असेल, तर त्या फीचा पैसा इथं नको. त्याला मुदत ठेव बरी. किमान सात-आठ वर्षं लागणार नाही तोच पैसा इथं आणा.

भिशीत चालवणारा ओळखीचा असतो, ॲपमागचा माणूस दिसत नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून ॲप घेऊ नका आणि कंपनीची नोंद बाजार नियामक सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. म्युच्युअल फंडाचा पैसा कधीही कुणा व्यक्तीच्या खात्यावर जात नाही. ‘साहेबांच्या नंबरवर टाका’ म्हटलं की तिथंच थांबा. सेबीनं ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत संस्थांसाठी वेगळे यूपीआय पत्ते आणलेत, त्यांत ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो, तोही बघून घ्या. वारसाचं नाव नोंदवा आणि कोणत्या ॲपमध्ये काय आहे ते घरच्यांना सांगून ठेवा. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. उशीर झाला की पैसा पुढच्या खात्यांत फिरतो आणि गोठवणं अवघड होतं.