सोलकढी फुटू नये म्हणून

मालवणात मासळीच्या जेवणावर पहिल्यांदा सोलकढी प्यायले आणि तिची चव जिभेवरून जाईना. घरी आल्यावर लगेच करायला घेतली. थंडीचे दिवस, म्हणून पातेलं गॅसवर चढवलं. बघता बघता नारळाचं दूध फुटलं! वर पांढऱ्या गुठळ्या, खाली गुलाबी पाणी. कोकमाच्या आंबटपणाला आच मिळाली की दुधातली प्रथिनं गोठतात. म्हणून सोलकढी उकळायची नाही.

आठ-दहा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजवा, कुस्करा, गाळून घ्या. एका नारळाच्या दुधात हा रस थोडा थोडा घाला, मधूनमधून चव बघा. लसूण-मिरचीचं वाटण, मीठ, वरून कोथिंबीर. आणि केली त्याच दिवशी संपवा. नारळाचं दूध फार टिकत नाही.