प्रतिसाद आणि पूर्वतयारी : ‘निसर्ग’ वादळाचा धडा

आपत्ती व्यवस्थापनाच्या शास्त्रात संकट समोर उभे ठाकल्यावर किंवा कोसळल्यावर होणाऱ्या कृतीला प्रतिक्रियात्मक कृती, तर संकटाची शक्यता ओळखून आधीच केलेल्या कृतीला पूर्वतयारी म्हणतात. परंतु यांपैकी पहिली नेहमी सदोष आणि दुसरी नेहमी पुरेशी, ही रूढ समजूत रायगड किनाऱ्यावरील अनुभवाला पुरती लागू पडत नाही.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आत आले. १ जूनला ही प्रणाली अवदाबाच्या, म्हणजे चक्रीवादळापूर्वीच्या अवस्थेत होती, त्यामुळे प्रशासनाच्या हाती जेमतेम दोन दिवस उरले होते. तरीही हवामान खात्याचे इशारे, किनाऱ्यालगतच्या लोकांचे स्थलांतर आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या यांमुळे करोनाच्या टाळेबंदीतही जीवितहानी मर्यादित राहिली. ही कृती वादळाला दिलेला प्रतिसादच होती, पण इशाऱ्याची यंत्रणा आणि प्रशिक्षित दल आधीपासून उभे असल्यानेच तो वेळेवर देता आला.

श्रीवर्धन, दिवेआगर आणि मुरूड परिसरातील वाड्यांना मात्र हे दोन दिवस उपयोगाचे नव्हते. नारळ-सुपारीची झाडे हलवता येत नाहीत, आणि उन्मळून पडलेल्या सुपारीच्या जागी लावलेले रोप फळावर येईपर्यंत साधारण सहा-सात वर्षे जातात. शिवाय कोवळ्या रोपाला सावली लागते, त्यामुळे वरचे छत्र गेलेल्या वाडीत आधी केळी लावून सावली धरावी लागते. नुकसानीचा पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष केलेली अधिकृत नोंद, क्षेत्रफळाच्या हिशेबाने मदत ठरवतो. पण कोकणातील वाडी गुंठ्यांत मोजली जाते आणि तिच्यात झाडे दाट असतात, म्हणून हेक्टरी दराने हाती येणारी रक्कम तोकडी ठरली व झाडागणिक मदतीची मागणी पुढे आली.

२००४ च्या त्सुनामीनंतर, २००५ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रतिबंध, सज्जता, तत्पर प्रतिसाद आणि पुनर्वसन ही सारी कामे एकाच व्याख्येत आणली. त्याच वर्षी जुलैत महाड तालुक्यातील जुई आणि दासगाव येथे दरडी कोसळल्या होत्या आणि २०२१ च्या जुलैत त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड आली. म्हणजे व्याख्या व्यापक झाली तरी डोंगरउतारावरील वस्तीचा धोका ओळखून ती वेळीच हलवण्याचे काम मागेच राहिले.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की प्रतिसादाचे मोजमाप केवळ त्याच्या वेगावर करणे अपुरे आहे. माणसे हलवण्यासाठी काही तास पुरतात, वीजवाहिन्या भूमिगत करण्यास वर्षे लागतात आणि वाडी पुन्हा उभी करण्यास त्याहूनही अधिक. म्हणून प्रत्येक हानी टाळण्यास वा भरून काढण्यास किती अवधी लागतो हे आधी ठरवून त्यानुसार निधी आणि जबाबदारी नेमली, तरच पंचनाम्यानंतरचे काम पुढच्या वादळाची पूर्वतयारी ठरू शकते.