जनुकांच्या अभ्यासात आपली माणसं

देशभरातून आलेले संशोधक, वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी, आणि गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारहून रात्रभर प्रवास करून आलेल्या आशाताई व सिकलसेलग्रस्त मुलांचे आईवडील, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं नागपुरात मनःपूर्वक स्वागत करतो.

मानवी जनुकांच्या विविधतेवरची परिषद नागपुरात घेण्यामागे एक कारण आहे, आणि ते या भागातल्या माणसांच्या रक्तातच आहे, ते म्हणजे सिकलसेलचा आजार. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचं पहिल्यांदा वर्णन केलं. त्यांचा रुग्ण कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाहून आलेला विद्यार्थी होता. हा रेणूचा आजार आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. तोवर हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार अशीच समजूत रुजली होती. १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो आढळला आणि १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये झाली. म्हणजे तोपर्यंत इथल्या गोंड, माडिया, परधान वस्त्यांमध्ये आणि कितीतरी दलित कुटुंबांमध्ये हातपाय ठणकून रडणारी मुलं होती, पण त्यांच्या दुखण्याला वैद्यकाच्या पुस्तकात जागा नव्हती.

जागा मिळाल्यावरही प्रश्न संपला नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकातला एका अक्षराचा बदल सगळीकडे तोच आहे. पण भारतात आणि अरबस्तानाच्या पूर्व भागात तो ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळतो, ती आफ्रिकेतल्यांपेक्षा वेगळी आहे. तिच्यामुळे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुढेही जास्त प्रमाणात टिकतं आणि पेशी वाकण्याला थोडा अटकाव होतो. यावरून भारतीय सिकलसेल सौम्य असतो, असं मत तयार झालं. आमच्या नागपूरच्या डॉक्टरांना मात्र वॉर्डात वेगळं दिसत होतं. पुन्हा पुन्हा वेदनांचे झटके येणारी, वारंवार रक्त चढवावं लागणारी मुलं त्यांच्यासमोर होती. त्यांनी ते नोंदवलं, प्रसिद्ध केलं. शिवाय हायड्रॉक्सियुरिया हे औषध दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम एवढ्या कमी, ठरावीक मात्रेतही इथल्या मुलांना चांगलं लागू पडतं, हे दाखवलं. जिथे दर महिन्याला रक्ततपासणीसाठी शहर गाठणं परवडत नाही, तिथे कमी मात्रेचं मोल फार मोठं आहे. परदेशातल्या रुग्णांवरून काढलेली मात्रा डोळे मिटून वापरली असती, तर हे कळलंच नसतं. विविधतेचा अभ्यास म्हणजे माझ्या लेखी हे असं काम.

जगाचं चित्र मात्र अजून एकांगी आहे. आजार आणि जनुकं यांचा संबंध शोधणाऱ्या मोठ्या अभ्यासांमध्ये २००९ साली ९६ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. २०१६ पर्यंत ते प्रमाण ८१ टक्क्यांवर आलं. याची किंमत सगळेच मोजतात. उलट, डॅलसमधल्या अभ्यासात आफ्रिकी-अमेरिकी लोकांचा आवर्जून समावेश केला, म्हणून पीसीएसके९ या जनुकातले कोलेस्टेरॉल कमी ठेवणारे बदल २००५ मध्ये सापडले. त्यातून आलेली औषधं आज सर्व वंशांच्या हृदयरुग्णांना दिली जातात. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी३ जनुकातला एक बदल दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांमध्ये असतो आणि उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका वाढवतो. आपल्याकडे शोधलं नसतं, तर तो सापडला असता कुठे?

भारतात तर शेकडो समाज पिढ्यान् पिढ्या आपापसातच लग्न करत आले. २०१७ मधल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांमध्ये थोड्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक दिसल्या. अशा समाजांत विरळ आजार साठत जातात. ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाने ८३ समूहांतल्या सुमारे १०,००० जणांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली केली. सुरुवात उत्तम आहे. मात्र त्यातून कुणी जातींची उतरंड रचू पाहील, तर त्याला या सभागृहाने ठामपणे विरोध करावा. माणसामाणसांतला बहुतांश जनुकीय फरक समाजासमाजांमध्ये नसून एकेका समाजाच्या आतच असतो.

आणि मला सर्वांत कळकळीने बोलायचं आहे ते नमुना देणाऱ्यांविषयी. ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई या मूळनिवासी लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. ते त्यांना न विचारता स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरलं गेलं. ते न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये झालेल्या तडजोडीत त्यांना भरपाई मिळाली, नमुने परत मिळाले. आपल्याकडे प्रश्न वेगळ्या रूपात येतो. गावात शिबिर होतं, बोटातून रक्त घेतलं जातं, पिवळं किंवा लाल कार्ड हातात पडतं. पिवळं कार्ड म्हणजे आपण वाहक आहोत, आजारी नाही, हे घरात कुणी बसून सांगत नाही. मग मुलीचं कार्ड पेटीच्या तळाशी जातं, कारण ते दिसलं तर लग्न मोडेल. मूल आजारी निघण्याची शक्यता ‘चारात एक’, हे ऐकून घरचे समजतात की एक मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली. खरं तर आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात धोका तोच, २५ टक्के, असतो. हे समजावून सांगायला आशाताईंशिवाय आज फारसं कुणी नाही. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचं उद्दिष्ट सात कोटी लोकांच्या तपासणीचं आहे. या तपासणीइतकंच मनुष्यबळ आणि पैसा समुपदेशनाला मिळाला पाहिजे.

म्हणून स्वागत समितीने पहिलं सत्र रुग्णांच्या आईवडिलांना आणि आशाताईंना दिलं आहे. संशोधकांना विनंती, की त्या सत्रात आपण श्रोते म्हणून बसावं, आणि ज्यांनी या जिल्ह्यांमधून नमुने नेले आहेत त्यांनी आपले निष्कर्ष दुपारच्या सत्रात मराठीत किंवा हिंदीत सांगावेत. गोंडीत समजावून सांगणारे स्वयंसेवक सभागृहात आहेत. सोबत आलेल्या मुलांसाठी डॉक्टर, पाणी आणि विश्रांतीची सोय शेजारच्या खोलीत केली आहे.

अध्यक्ष महोदयांना मी विनंती करतो, की त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.