नगरला खायला यायचं, तर भोगी गाठा

आज प्रश्न साधा आहे: खाण्यासाठी दोन दिवस अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या नगरला यायचं, तर कधी यावं? मुक्काम कुठे, किल्ला कधी बघायचा, हे नंतर. आधी तारीख.

माझं उत्तर: भोगीच्या आदल्या दिवशी या. भोगी बहुतेक वर्षी 13 जानेवारीला असते. त्या दोन-तीन दिवसांत शेत आणि बाजार एकाच वेळी भरात असतात. चितळे रोडच्या भाजीबाजारात बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजरं, उसाची कांडकी, पावटा, वांगी, शिवाय सुगडं. बायका वाणाचं सामान घेतात आणि त्याच पिशवीत भोगीच्या भाजीचंही. सकाळी लवकर जा, ऊन वर आलं की बाजाराची मजा जाते. आणि त्या दिवशी कुणी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी पुढे केलं, तर नाही म्हणू नका.

आता हुरडा. खरी घाई त्याचीच.

रब्बी ज्वारीचा पेरा साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. हुरड्याच्या वाणाचं कणीस नव्वद-शंभर दिवसांत हुरड्यावर येतं. पण एका शेतात ते जेमतेम आठवडाभर तसं राहतं. मग दाणा टणक होतो, आणि तुम्ही पैसे मोजून ज्वारी चावत बसता! म्हणून फोनवर "पार्टी आहे का?" असं विचारू नका. "पेरा कधीचा? टप्प्याटप्प्यानं केलाय का? वाण कुठला?" हे विचारा. गुळभेंडी, सुरती म्हणाले तर उत्तम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले उत्तरा' हा वाण तर खास हुरड्यासाठीच काढलेला. मालदांडी भाकरीला एक नंबर, हुरड्याला नाही. समोरचा उत्तर देताना अडखळला, तर समजून जा. फ्रीझरमधला हुरडा आता कधीही मिळतो, त्यासाठी नगरपर्यंत यायला नको.

हे दर ऐकून "ज्वारीचे एवढे पैसे?" असं म्हणणारे भेटतात. अहो, गोड दाण्यावर पाखरं आधी तुटून पडतात. त्यांना दिवसभर हाकायचं, कोवळी कणसं हातानं खुडायची, आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायची, गरम गरम हातावर चोळायची. सगळं माणसांचं काम. ऊस-कांद्याच्या पट्ट्यात कुणी चार गुंठे हुरड्याला ठेवत असेल, तर ते या हंगामातल्या दोन पैशांच्या भरवशावर. बुकिंग करून ऐनवेळी रद्द करू नका. कणीस पुढच्या रविवारपर्यंत थांबत नाही.

हुरड्याबरोबर लसणाची चटणी, गूळ, दही. वर ताक प्या.

जानेवारी जमत नसेल, तर होळी ते पाडवा पाथर्डी तालुक्यातली मढीची यात्रा. कानिफनाथांची. तिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. गर्दी सोसत असेल तरच जा.

आणि रानभाज्या हव्यात, तर ऑगस्ट, पण मग नगर शहर सोडा. अकोले इथून शंभर किलोमीटरच्या वर आहे, नगरला मुक्काम करून ते उरकण्यात अर्थ नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या. गावरान बियाणं जपलं म्हणून 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या भागात भाजी ओळखणारी एखादी मावशी सोबत असल्याशिवाय रानातलं काही तोडून तोंडात टाकू नका.

भोगीचं ठरलं, तर शेतकऱ्याला डिसेंबरातच फोन लावा. पाऊस लांबला असेल तर पेराही लांबलेला असतो, आणि मग तारीख तोच सांगेल.