एका पेटीत दोन जातीची पिले

मंडळी, कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाचे २८ दिवसांत. बदकाची अंडी आठवडाभर आधी उबवायला ठेवली, तर दोन्ही पिले एकदमच हाती येतात. मग वाटते, पेटी एक, दिवा एक, खर्च निम्मा! ठेवू या एकत्र.

आम्ही म्हणतो, तसे नको. का? पाण्यापायी. बदकाचे पिलू भांड्यात डोके बुडवते, नाक धुते, पाणी चहूकडे उडवते. बघायला मौज वाटते हो. पण खालचे तूस भिजते. कोंबडीचे पिलू ओले झाले की गारठते, अन् गारठले की मरते. भांडे उथळ ठेवावे, तर बदकाचे नाक धुतले जात नाही. खोल ठेवावे, तर कोंबडीचे पिलू त्यात बुडते.

म्हणून पेटीत मधे फळी बसवा. वर दिवा एकच चालेल. कोंबडीच्या पिलांकडे उथळ थाळी ठेवा, तीत खडे टाका. बदकांकडचे तूस रोज बदला. पिले दिव्याखाली गर्दी करून ओरडू लागली, तर ऊब कमी पडते; लांब जाऊन चोच वासून बसली, तर जास्त होते. दिवा खालीवर करा.

अन् बदकाचे पिलू आहे म्हणून त्याला लगेच डबक्यात सोडू नका. आईविना वाढलेल्या पिलाची लव पाण्याने भिजते. तेही गारठते.