चुकाऱ्याच्या पावत्या आणि माझी पीएच.डी.

(२००१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमीलनातील भाषण)



सूत्रसंचालकाने माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लावले, तेव्हा मागच्या रांगेतून "माझा गुडघा दुखतो" असा आवाज आला. आवाज ओळखला आहे. पदवी मिळाल्यापासून निम्म्या गावाने मला दुखणी सांगून झाली. तर आधीच सांगते, मी अर्थशास्त्रातली डॉक्टर. गुडघ्यासाठी सेवाग्रामला जा.

माझा विषय कापूस. हिंगणघाट तालुक्यात वाढलेल्या मुलीला दुसरे काय सुचणार? खरे तर सुचले होते. कापसाची निर्यात घेऊ, आकडे घरबसल्या संगणकावर मिळतात, असा माझा हिशेब होता. पण बोलता बोलता मी मार्गदर्शक बाईंना आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीबद्दल सांगितले. त्यात बाबांनी एकाधिकार खरेदीच्या काळातली प्रत्येक पावती जपून ठेवली आहे. तुमच्यापैकी अनेकांनी त्या बंड्यांच्या रांगा पाहिल्यात. १९७२ पासून साधारण तीन दशके शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी योजनेच्या केंद्रावरच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, असा कायदा होता. ग्रेडर प्रत ठरवणार, हमीभावाचे पैसे आधी, आणि पुढे व्यवहारात नफा उरला तर वरची रक्कम. म्हणून पावती जपायची. बहिणीच्या लग्नाची तारीखही चुकाऱ्याकडे बघूनच ठरली होती. बाई म्हणाल्या, "निर्यात राहू दे. पेटी घेऊन ये."

आपल्या जिल्ह्यात हे पूर्वीही घडले आहे, म्हणजे वर्ध्याला पुढे आलेल्या एका माणसाच्या बाबतीत. मगनवाडीचे जे. सी. कुमारप्पा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. 'भारत गरीब का आहे' यावर त्यांनी तिथे एक व्याख्यान दिले. वर्तमानपत्रातली त्याची बातमी प्राध्यापक सेलिग्मन यांनी वाचली आणि हाच विषय प्रबंधाला घे, असे सुचवले. मुंबईत हिशेब तपासणारा हा माणूस त्या अभ्यासातून गांधीजींपर्यंत पोचला. १९२९ मध्ये भेट झाली आणि गांधीजींनी त्यांना गुजरातेतल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला गावोगाव पाठवले. १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा कुमारप्पा वर्ध्याला आले. हेच सेलिग्मन त्याआधी डॉ. आंबेडकरांचेही प्राध्यापक होते. बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या ग्रंथाला १९२५ साली त्यांचीच प्रस्तावना आहे. दोघांच्या वाटा किती वेगळ्या! पण सरकारी जमाखर्चाच्या रकान्यांत गरिबीचे कारण शोधायचे, ही सवय दोघांनाही होती. शाळेत आपण मगन संग्रहालयात सहलीला गेलो, तेव्हा हे कुणी सांगितले असते तर मी चरख्यांपुढे एवढ्या जांभया दिल्या नसत्या.

असो. माझी नोंदणी २०१८ ची. तेव्हा मी तासिका तत्त्वावर शिकवत होते; तास झाला तर पैसे, सुटी लागली की काही नाही. त्यात मुलगी झाली. यूजीसीच्या नियमांत स्त्री संशोधकाला २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा आणि सहा वर्षांच्या मुदतीवर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. तुमच्या लेकीसुनांपैकी कुणी घाबरून अर्ज करत नसेल तर एवढे तिला जरूर सांगा. बाकीचे सासूबाईंनी सांभाळले. त्या चौथी शिकलेल्या, पण सहामाही प्रगती अहवालाची तारीख माझ्याआधी त्यांच्या लक्षात असे.

प्रश्न साधा होता: भावासाठी कोण थांबू शकतो? ज्याच्या घरी पगार किंवा दुधाचा पैसा येतो तो थांबतो. कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असलेला दिवाळीआधी विकून मोकळा होतो. पण थांबणाऱ्याचे तरी दरवेळी भले होते का? २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ६,०२५ रुपये होता आणि बाजार दहा हजारांच्या वर गेला. ते पाहून पुढच्या वर्षी लोकांनी घरे भरून कापूस ठेवला. भाव उतरत गेला, अंगाला खाज सुटली, ठिणगीची धास्ती राहिली, आणि वाळून वजन घटले ते निराळेच. माझ्या पाहणीची ही दोन वर्षे अशी लागोपाठ आली.

वेचणीच्या बायांचे प्रकरण माझ्या आराखड्यात नव्हते. एका शेतात पहिली वेचणी होती. सीतादही झाले, दहीभात झाला आणि बाया पाठीला ओटी बांधून पऱ्हाटीत शिरल्या. प्रश्नावली पिशवीतच ठेवून मीही ओळ धरली. मधल्या सुटीत एक आजी म्हणाली, "हे लिवून आमचा भाव वाढन काय वो बाई?" वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, ती त्या भावाबद्दल विचारत होती. मी म्हटले, "नाही आजी, वाढणार नाही." ती थोडा वेळ भाकर खात राहिली. मग म्हणाली, "मंग खरं खरं लिवजा."

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमके तेच विचारले. शीर्षक विक्रीचे, मग हे वेचणीचे प्रकरण कशाला? मी सांगितले की शेतकरी भावासाठी महिने थांबू शकतो, पण बाईची मजुरी त्या आठवड्याच्या बाजारात संपते. तिने थांबायचे म्हटले तर चूल थांबते. विक्रीच्या तक्त्यात ती कुठेच दिसत नाही, म्हणून वेगळे प्रकरण. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पानावरचा एक बेरजेचा आकडा तपासायला सांगितला. बेरीज बरोबर होती. गणिताचे सर समोर बसले आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

प्रबंधाची एक प्रत शाळेच्या वाचनालयाला दिली आहे. जाड आहे. पाचवे प्रकरण तेवढे वाचा, त्यात बाबांच्या पावत्यांच्या छायाप्रती आहेत. मूळ पावत्या त्यांनी मोजून परत घेतल्या.