घरच्या घरी रेकॉर्डिंग : खोली कशी निवडावी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या फुलसावंगीतही ओव्या आणि होळीच्या लेंगी पाठ असलेल्या आज्या आहेत. त्यांचा आवाज मोबाईलवर घेऊन ठेवा. मात्र खोली नीट निवडा.

खोलीत मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागून घुमल्यासारखं ऐकू आलं, तर ती खोली नको. फरशी, उघड्या भिंती आणि काचा आवाज परत फेकतात. म्हणून हॉलपेक्षा कपडे-गाद्यांनी भरलेली झोपायची खोली बरी. ती रस्ता, जिना आणि पाण्याच्या मोटारीपासून लांब असावी. खाली सतरंजी अंथरा. गाणाऱ्याच्या मागे दोरीवर गोधड्या टाका. भिंतीला न चिकटवता वीतभर पुढे असल्या तर जास्त उपयोग. मोबाईल तोंडापासून वीत-दोन वीत अंतरावर ठेवा. लाइट गेलेली वेळ तर उत्तमच, पंखाही बंद अन् मोटारही बंद!

एक गैरसमज काढून टाकू. गोधडीने खोलीतलं घुमणं कमी होतं, शेजारी जाणारा आवाज थांबत नाही. त्याला जाड भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावूनही तो अडत नाही, उलट ते चटकन पेट घेतात. तेव्हा ढोलकीची वेळ शेजाऱ्यांना विचारून ठरवा, आणि शेजाऱ्यांनीही तेवढा तासभर मिक्सर थांबवावा.

खोलीची तयारी अर्ध्या तासात होते. आज्यांचं वय मात्र थांबत नाही. येत्या रविवारीच सुरुवात करा.